दृष्टिहीन सहाध्यायांसाठी मराठी श्राव्य पुस्तक : महाविद्यालयीन प्रकल्प कसा उभा करावा

तंत्रज्ञान आणि माध्यमे वापरून समाजोपयोगी प्रकल्प करावयाचा असे ठरले की बहुतेक गटांना प्रथम ॲप, लघुपट किंवा जनजागृतीची मोहीम सुचते. या लेखात त्याहून मर्यादित, पण एका सत्रात खरोखर पूर्ण होणारे आणि कोणाच्या तरी रोजच्या अभ्यासात उपयोगी पडणारे एक काम मांडले आहे. ते काम म्हणजे अभ्यासक्रमातील एक मराठी पुस्तक दृष्टिहीन विद्यार्थ्याला ऐकता येईल, त्यातील हवे ते पान शोधता येईल आणि परीक्षेपूर्वी पुरेसे दिवस त्याच्या हाती असेल अशा रूपात तयार करणे. मराठी माध्यमातून अर्थशास्त्र, इतिहास किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला क्रमिक पुस्तकाची आणि संदर्भग्रंथाची वाचता येणारी प्रत इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या तुलनेत फारच क्वचित मिळते. मग मित्राने वेळ काढून वाचून दाखवणे, वर्गातील व्याख्यान मोबाइलवर मुद्रित करणे आणि दुसऱ्याच्या नोट्सवर विसंबणे एवढेच त्याच्या हाती उरते. त्यामुळे हे काम करणाऱ्या गटाने आपला प्रकल्प मदतकार्य न मानता ग्रंथनिर्मिती मानावा, कारण छापील पुस्तकाकडून आपण जी अचूकता अपेक्षितो तीच येथेही लागते.

आधी वाचक, मग पुस्तक

पहिले पाऊल वाचक शोधण्याचे आहे. आपल्याच महाविद्यालयात किंवा तालुक्यातील शेजारच्या महाविद्यालयात दृष्टिहीन अथवा अल्पदृष्टी असलेले विद्यार्थी कोण आहेत, याची चौकशी विद्यार्थी कल्याण विभाग, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि ग्रंथपाल यांच्याकडे करावी. मात्र नावांची यादी मागू नये. प्रकल्पाची माहिती त्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी आणि इच्छा असेल त्याने संपर्क साधावा असे ठेवावे. कोणाचेही दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा ओळखपत्राची प्रत गोळा करण्याचे या कामात काहीच कारण नाही.

भेट झाल्यावर पहिला प्रश्न "तुम्हाला कोणते पुस्तक हवे आहे?" हा असावा, आणि तो विचारण्यापूर्वी गटाने पुस्तक ठरवून ठेवलेले नसावे. गटाला एखादी कादंबरी आवडत असते आणि तिचे नाट्यमय वाचन करण्याची हौसही असते. वाचकाला मात्र दुसऱ्या सत्रातील सूक्ष्म अर्थशास्त्राचे पुस्तक हवे असते, कारण त्याचाच पेपर जवळ आलेला असतो. अशा वेळी अर्थशास्त्राचेच पुस्तक घ्यावे. त्यानंतर वाचक कशावर वाचतो हे विचारावे. कोणी अँड्रॉइड मोबाइलवरील टॉकबॅक वापरतो, कोणी संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरतो, कोणी ब्रेलमध्ये वाचतो, तर कोणाला मोठ्या अक्षरातील प्रत पुरते. उशिरा दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही आणि लहानपणापासून ब्रेल शिकलेल्यांनाही जाडजूड ग्रंथासाठी आवाज सोयीचा वाटतो, म्हणून यापैकी कशाचाही अंदाज न बांधता वाचकालाच विचारणे इष्ट.

वाचकाला गटात घ्यावे. नुसता लाभार्थी म्हणून त्याचे नाव न नोंदवता, तयार प्रकरणे तपासणारा संपादक म्हणून त्याला स्थान द्यावे आणि प्रमाणपत्रावर, अहवालात व श्रेयनामावलीत तसे लिहावे. त्याची संमती असेल तरच नाव वापरावे. ज्यांना वाचनअक्षमता आहे असे विद्यार्थीही या पुस्तकाचे वाचक असू शकतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत वेळापत्रक आखावे. पुस्तक परीक्षेच्या किमान एक महिना आधी पोहोचले पाहिजे, आणि संपूर्ण पुस्तकाची वाट न पाहता तयार झालेले प्रत्येक प्रकरण लगेच वाचकाकडे गेले पाहिजे. वर्गात तिसरे प्रकरण चालू असताना तिसरे प्रकरण हाती असणे, हे सत्र संपल्यावर मिळालेल्या देखण्या संपूर्ण पुस्तकापेक्षा अधिक मोलाचे आहे.

पुस्तक कोठे आधीच उपलब्ध तर नाही?

केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात प्रथम शोध घ्यावा. बुकशेअर या आंतरराष्ट्रीय ग्रंथालयातही भारतीय भाषांतील पुस्तके आहेत. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र यांच्याकडे अशा कामाचा दीर्घ अनुभव आहे, तेव्हा त्यांचा सल्ला घेण्यास संकोच करू नये. तेच पुस्तक कोणी आधीच केले असेल, तर वाचकाला तेथील सदस्यत्व मिळवून देण्यास मदत करावी आणि आपण दुसरे पुस्तक घ्यावे.

कायद्याची चौकट

या टप्प्यावर सर्वाधिक गैरसमज असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने त्याच्या कलम ५२ च्या पोटकलम (१) मध्ये एक नवा खंड घालण्यात आला. दिव्यांग व्यक्तींना वाचता यावे यासाठी कोणत्याही साहित्यकृतीची सुगम्य प्रत तयार करणे आणि ती दिव्यांग व्यक्तीला खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी देणे, हा त्या खंडानुसार कॉपीराइटचा भंग ठरत नाही. हे काम एखादी व्यक्ती करू शकते, तसेच दिव्यांगांसाठी कार्य करणारी संस्थाही करू शकते. संस्थेने ते ना-नफा तत्त्वावर करावे, फार तर निर्मितीखर्च वसूल करावा, आणि प्रती दिव्यांग व्यक्तींकडेच राहतील व बाजारात जाणार नाहीत याची वाजवी काळजी घ्यावी, अशी अट आहे. पुढे २०१३ मध्ये मोरोक्कोतील मराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारत होता, आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो करार अमलात आला.

याचा व्यवहारातील अर्थ असा की प्रकाशकाची परवानगी मिळाली नाही म्हणून प्रकल्प अडून राहत नाही. तसाच दुसरा अर्थही आहे, आणि तो उत्साही गटांच्या ध्यानात लवकर येत नाही. मुद्रित केलेली प्रकरणे यूट्यूबवर सर्वांसाठी खुली ठेवणे, पॉडकास्ट म्हणून प्रसृत करणे किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे या सवलतीत बसत नाही. ज्या लेखकाच्या निधनाला ६० वर्षे उलटून गेली आहेत त्याच्या स्वतःच्या लेखनाला ही अडचण येत नाही, परंतु नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद यांचे हक्क स्वतंत्र असतात हे विसरू नये.

परवानगी आवश्यक नसली तरी प्रकाशकाला पत्र अवश्य लिहावे, असे माझे मत आहे. त्याच्याकडे पुस्तकाची संगणकीय प्रत असते आणि ती मिळाली तर महिन्याभराचे टंकलेखन वाचते. पत्र महाविद्यालयाच्या कागदावर, प्राचार्यांच्या स्वाक्षरीने जावे. त्यात कलमाचा उल्लेख असावा, प्रत कोणाला दिली जाईल आणि कोणाला दिली जाणार नाही हे स्पष्ट असावे, आणि उत्तर आले नाही तरी ठरलेल्या दिवशी काम सुरू करावे.

मजकूर की आवाज

सुगम्य पुस्तकाचे दोन प्रकार प्रामुख्याने करता येतात. एकात संगणकीय मजकूर असतो आणि स्क्रीन रीडर तो कृत्रिम आवाजात वाचतो. दुसऱ्यात माणसाने केलेले ध्वनिमुद्रण असते. मजकुराचे फायदे ठळक आहेत. शब्द शोधता येतो, शुद्धलेखन कळते, तीच फाइल ब्रेलमध्ये किंवा मोठ्या अक्षरात बदलता येते आणि चूक आढळली तर एका मिनिटात सुधारता येते. उत्तरपत्रिका स्वतः टंकित करणाऱ्या किंवा लेखनिकाला विशेषनामे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला शब्दाचे लेखन ठाऊक असावेच लागते, आणि ते केवळ ऐकून कळत नाही.

मानवी आवाजाचे बलस्थान निराळे आहे. कृत्रिम मराठी आवाजाला च, ज, झ यांचे दंत्य आणि तालव्य उच्चार वेगळे ओळखता येतातच असे नाही. जरा म्हणजे थोडे आणि जरा म्हणजे वार्धक्य, हे दोन्ही तो एकसारखेच उच्चारू शकतो. कविता, नाटकातील संवाद, संस्कृत अवतरणे, गुंतागुंतीची कोष्टके आणि गणिती सूत्रे यांच्या बाबतीत वाचून दाखवणारा जाणता माणूस जे सांगू शकतो ते यंत्राला जमत नाही. ऐकणाऱ्याचा थकवाही चांगल्या मानवी आवाजात कमी होतो.

माझा सल्ला असा की सामाजिक शास्त्रांच्या पुस्तकासाठी मजकूर आधी तयार करावा आणि ध्वनिमुद्रण त्याच शुद्ध केलेल्या मजकुरावरून करावे. मनुष्यबळ कमी असेल तर मजकूर पूर्ण पुस्तकाचा आणि ध्वनिमुद्रण केवळ कठीण प्रकरणांचे, अशी विभागणी करता येते. साहित्याच्या पुस्तकात ध्वनिमुद्रणाला प्राधान्य द्यावे.

मजकूर शुद्ध करण्याचे काम

प्रकाशकाकडून फाइल मिळाली की ती युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतांत, आहे का हे पाहावे. मराठी छपाईव्यवसायात अनेक वर्षे श्री-लिपीचे, तसेच सुरेख, योगेश यांसारखे जुने फाँट वापरले गेले. त्यांत पडद्यावर देवनागरी अक्षर दिसत असले तरी संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात, त्यामुळे स्क्रीन रीडरला ते पान निरर्थक अक्षरांचा ढीग वाटतो. तपासणी सोपी आहे. एक परिच्छेद निवडून नोटपॅडमध्ये किंवा स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशात चिकटवावा. तेथे अगम्य रोमन चिन्हे उमटली तर फाइल जुन्या फाँटमधील आहे आणि ती फाँट-परिवर्तकातून न्यावी लागेल. परिवर्तनानंतर जोडाक्षरे, रफार आणि अवग्रह यांच्यात चुका राहतात, तेव्हा संपूर्ण मजकूर मूळ पुस्तकाशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. पीडीएफ फाइल युनिकोडमधील असली तरी त्यातून नक्कल केलेल्या मजकुरात ऱ्हस्व वेलांटी आधीच्या अक्षरावर सरकलेली आढळते.

फाइल मिळालीच नाही तर पुस्तक स्कॅन करावे. ३०० डीपीआयवर, पान सपाट दाबून आणि दोन समोरासमोरची पाने वेगवेगळी करून स्कॅन घेतले तर पुढचे काम हलके होते. अक्षरओळखीसाठी, म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर काढण्यासाठी, टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे आणि गूगल ड्राइव्हमध्ये प्रतिमा गूगल डॉक्स म्हणून उघडली तरी मजकूर मिळतो. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगले येतात, परंतु ठरावीक चुका पुन्हा पुन्हा होतात: अनुस्वार गळतो, "दुसऱ्या"चे "दुसर्या" होते, "द्ध" आणि "ध्द" यांची अदलाबदल होते, देवनागरी शून्य आणि अनुस्वाराचे वर्तुळ यांचा गोंधळ उडतो, दोन स्तंभांतील ओळी एकमेकींत मिसळतात. पहिल्या २० पानांतील चुकांची यादी करून ती सर्वांना दिली तर पुढील शुद्धलेखन वेगाने होते. सनावळ्या, टक्केवारी आणि आकडे मात्र दोघांनी मिळून, एकाने मूळ पुस्तक वाचत आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहत तपासावेत, कारण १८५७ चे १८५१ झाले तर ते ऐकणाऱ्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

शुद्ध मजकूर वर्डमध्ये बसवताना शीर्षक केवळ ठळक आणि मोठे करून भागत नाही. प्रकरणाच्या नावाला हेडिंग १, पोटविभागाला हेडिंग २ अशी शैली लावावी लागते, कारण स्क्रीन रीडर वापरणारा वाचक एका कळीने एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो आणि ही शैली नसेल तर त्याला अख्खे प्रकरण ओळीओळीने ओलांडावे लागते. छापील पुस्तकातील पान जेथे बदलते तेथे पानाचा क्रमांक नोंदवावा. प्राध्यापक वर्गात "पान ४७ काढा" म्हणतात तेव्हा वाचकालाही तेच पान काढता आले पाहिजे. दस्तऐवजाची भाषा मराठी म्हणून नोंदवायलाही विसरू नये, अन्यथा स्क्रीन रीडर हिंदी आवाज निवडू शकतो. सुगम्य पुस्तकांसाठी काम करणाऱ्या डेझी कन्सोर्टियम या आंतरराष्ट्रीय संस्थेचे वर्डटूईपब हे मोफत साधन अशा नीट बांधलेल्या फाइलचे ईपब स्वरूपातील ई-पुस्तक करून देते आणि त्याच संस्थेचे एस हे साधन त्या ईपबमधील सुगम्यतेचे दोष दाखवते.

ध्वनिमुद्रण

२०० पानांचे पुस्तक, पानावर सरासरी ३०० शब्द आणि मिनिटाला १२० शब्दांचा वाचनवेग धरला, तर अंतिम ध्वनी ५०० मिनिटांचा, म्हणजे ८ तास २० मिनिटांचा होतो. पूर्वतयारी, चुकलेल्या ओळी पुन्हा वाचणे, संपादन आणि तपासणीचे ऐकणे हे सर्व धरून त्याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो असे गृहीत धरावे. सहा-सात जणांच्या गटाला एका सत्रात हे झेपते. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांचे काम अपेक्षित असते. कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधी बोलून हे तास त्यात धरता येतील का, किंवा नव्या अभ्यासक्रमातील क्षेत्र-प्रकल्पाचे श्रेयांक यासाठी मिळतील का, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे.

विद्यापीठात सामुदायिक रेडिओ केंद्र असेल, जसे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात विद्यावाणी आहे, तर तेथील स्टुडिओ रिकाम्या वेळेत मिळेल का ते विचारावे. तो मुद्रणासाठी घ्यावयाचा आहे, प्रसारणासाठी नाही, हे आधी सांगावे. स्टुडिओ नसला तरी काम अडत नाही. पुस्तकांनी भरलेली कपाटे असलेली ग्रंथालयातील लहान खोली चांगली ठरते. वसतिगृहाची खोली असेल तर खिडकीला रजई आणि भिंतीला गोधड्या टांगल्या म्हणजे घुमारा पुष्कळ कमी होतो. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात पहाटेची वेळ बरी. कोकणात पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली मुद्रण शक्यच होत नाही, त्यामुळे तेथील गटांनी हे काम दिवाळीनंतरच्या सत्रात घ्यावे. मोबाइल विमान स्थितीत ठेवावा. मायक्रोफोन तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित बाजूला असावा, म्हणजे प, फ, भ यांच्या उच्चारातील हवेचा झोत थेट त्यावर आदळत नाही. यूएसबी मायक्रोफोन काही हजार रुपयांना मिळतो, परंतु शांत खोलीत मोबाइलवर केलेले मुद्रण गोंगाटात महागड्या मायक्रोफोनवर केलेल्या मुद्रणापेक्षा केव्हाही सरस असते.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मोनो, ४४१०० हर्ट्झ अशी मांडणी ठेवावी, आवाजाची सर्वोच्च पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे, आणि प्रत्येक बैठकीच्या आरंभी दहा सेकंद काहीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करावी. पार्श्वभूमीतील खरखर काढताना ती नमुना म्हणून उपयोगी पडते. ही प्रक्रिया हलक्या हातानेच करावी, जास्त केली तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. मूळ फाइल वेव्ह स्वरूपात जपावी. तिला तासाला सुमारे ३१७ मेगाबाइट जागा लागते. वाचकाला द्यावयाची प्रत ६४ केबीपीएस मोनो एमपी३ केली की तोच तास सुमारे २९ मेगाबाइटमध्ये बसतो आणि वरील संपूर्ण पुस्तक २४० मेगाबाइटच्या आसपास होते.

वाचणाऱ्याची निवड आवाजाच्या गोडव्यावर करू नये. विषय कळणारा, वाक्याचा अन्वय ओळखून योग्य ठिकाणी थांबणारा आणि विशेषनामे आधी विचारून घेणारा माणूस हवा. एका प्रकरणात एकच आवाज ठेवावा. अर्ध्या तासाहून अधिक सलग वाचू नये, कारण थकलेला आवाज वाक्याच्या अखेरीस पडतो आणि मराठीत क्रियापद, तसेच नकारही, बहुधा वाक्याच्या अखेरीसच असतो. "नाही" ऐकू आले नाही तर वाक्याचा अर्थ उलटतो. पार्श्वसंगीत अजिबात घालू नये. अनेक सरावलेले श्रोते दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात आणि त्या वेगात संगीताचा कल्लोळ होतो, तसेच फार भावपूर्ण, लांबवलेले वाचनही त्यांना अडथळ्याचे वाटते. स्पष्ट, सम आणि मध्यम गती एवढेच ध्येय असावे.

पुस्तकाच्या आरंभी पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, एकूण पाने, वाचणाऱ्याचे नाव आणि ही प्रत दिव्यांग व्यक्तींच्या वापरासाठी कलम ५२ खाली तयार केली आहे, हे निवेदन मुद्रित करावे. प्रत्येक पानाच्या आरंभी पानाचा क्रमांक सांगावा, पण वाक्य मध्येच तोडू नये. चालू वाक्य पूर्ण करून मगच तो सांगावा. तळटीप ज्या वाक्याला आहे त्या वाक्यानंतर "तळटीप", आणि संपल्यावर "तळटीप समाप्त" असे म्हणावे. लांब अवतरणाचेही तसेच. ही वाचनपद्धती पहिल्याच दिवशी एका पानावर लिहून वाचून दाखवणाऱ्या सर्वांना द्यावी, म्हणजे पाच जणांनी वाचलेले पुस्तक एकाच हातचे वाटते. मूळ पुस्तकात छपाईची चूक दिसली तर आपण होऊन दुरुस्त न करता "मूळ पुस्तकात असे छापले आहे" अशी नोंद द्यावी. लेखकाचे मत पटले नाही म्हणून स्वरातून नापसंती दाखवणे किंवा कंटाळवाणा परिच्छेद गाळणे, या दोन्ही गोष्टी पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात.

आलेख, नकाशे, कोष्टके आणि सूत्रे

प्रकल्पातील सर्वांत सर्जनशील भाग हा आहे, असे मला वाटते, आणि प्रसारमाध्यमांच्या विद्यार्थ्यांनी याच भागावर आपले कौशल्य खर्च करावे. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील मागणी वक्राचे उदाहरण घेऊ. "येथे आकृती आहे" एवढे सांगून पुढे जाणे म्हणजे पान फाडून टाकण्यासारखे आहे. वर्णन असे करता येईल: "आकृती ३.१, मागणी वक्र. क्ष अक्षावर मागणीची नगसंख्या आणि य अक्षावर किंमत रुपयांत दर्शवली आहे. वक्र डावीकडे वरून सुरू होऊन उजवीकडे खाली उतरतो. त्यावर दोन बिंदू आहेत. बिंदू अ येथे किंमत ५० रुपये आणि मागणी १० नग, बिंदू ब येथे किंमत ३० रुपये आणि मागणी २० नग आहे." आकृती कशाची, तिची एकूण रचना काय आणि मग तपशील, हा क्रम नेहमी पाळावा. आकृतीचा निष्कर्ष मजकुरात लेखकाने सांगितलेला असेल तर तो वर्णनात पुन्हा सांगू नये आणि सांगितलेला नसेल तर आपण काढून देऊ नये, कारण परीक्षेत नेमके तेच विचारले जाते.

नकाशाचे वर्णन दिशेने बांधावे. महाराष्ट्राच्या नद्यांचा नकाशा असेल तर पश्चिमेकडील सह्याद्रीची रांग आधी सांगून, मग गोदावरी, भीमा आणि कृष्णा तेथून पूर्वेकडे कशा जातात हे उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने सांगावे. विषयाला आवश्यक तेवढेच घ्यावे. नदीच्या नकाशातील प्रत्येक गावाचे नाव वाचत बसण्याची गरज नसते. ज्याला हात लावून नकाशा समजून घ्यायचा आहे त्याच्यासाठी जाड कागदावर डिंक आणि सुतळीने उठावाची आकृती करता येते. ती कोणत्या आकृत्यांसाठी हवी हे वाचकाने निवडावे.

कोष्टक वाचताना प्रथम किती स्तंभ आणि किती ओळी आहेत ते, मग स्तंभांची शीर्षके, आणि नंतर प्रत्येक ओळ शीर्षकासह वाचावी. केवळ आकडे ओळीने म्हणत गेल्यास तिसऱ्या ओळीनंतर कोणता आकडा कशाचा हे कोणालाही सांगता येत नाही. सूत्रांमध्ये कंसाचा आरंभ आणि शेवट उच्चारावा: "कंस सुरू, ए अधिक बी, कंस पूर्ण, संपूर्ण कंसाचा वर्ग". एरवी ए अधिक बी-वर्ग आणि ए अधिक बी या संपूर्ण बेरजेचा वर्ग यांतील फरक कानाला कळत नाही. वर्णने लिहून झाली की ज्याने ती आकृती पाहिलेली नाही अशा डोळस मित्राला ऐकवून कागदावर काढायला सांगावी. त्याने काढलेली आकृती मूळ आकृतीशी जुळली तर वर्णन पुरेसे आहे.

बांधणी

एमपी३ फाइलींचा नुसता ढीग देऊ नये. किमान एवढे तरी करावे की प्रत्येक पोटविभागाची वेगळी फाइल असेल आणि तिचे नाव ००१, ००२ अशा शून्यांसह सुरू होईल, कारण शून्ये नसतील तर काही साधनांत १० क्रमांकाची फाइल २ च्या आधी वाजते. त्याहून उत्तम पर्याय डेझी या श्राव्य पुस्तकांसाठीच्या प्रमाणित स्वरूपाचा आहे. यात ध्वनीसोबत अनुक्रमणिका आणि पानांची नोंद असते, आणि वाचकाला प्रकरण, विभाग किंवा पान अशा कोणत्याही पातळीवर उडी मारता येते. ओबी हे डेझी कन्सोर्टियमचे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर चालते. त्यात मुद्रण करता येते किंवा ऑडॅसिटीतील फाइली घेऊन त्यांवर शीर्षके आणि पानांच्या खुणा करता येतात. ते शिकायला दोन-तीन संध्याकाळी लागतात, आणि गटातील दोघांनी तरी ते शिकावे, म्हणजे एक जण परीक्षेमुळे किंवा गावी गेल्यामुळे नसला तरी काम थांबत नाही.

चाचणी

पहिले प्रकरण तयार होताच वाचकाकडे द्यावे आणि त्याच्या मोबाइलवर, त्याच्या सवयीच्या ॲपमध्ये ते कसे चालते हे त्याच्याजवळ बसून पाहावे. "आवडले का?" या प्रश्नाला सौजन्याने होकारार्थी उत्तर मिळते आणि त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी कामे द्यावीत: दुसऱ्या विभागाच्या आरंभी जाऊन दाखवा, पान ४७ काढा, आकृती ३.१ मधील बिंदू ब येथील किंमत सांगा. जेथे तो अडखळेल तेथे आपली बांधणी चुकली असे समजावे आणि उरलेल्या प्रकरणांची पद्धत त्याप्रमाणे बदलावी. याच कारणासाठी पहिले प्रकरण हातावेगळे होईपर्यंत बाकीच्यांचे मुद्रण सुरू करू नये. गटातील प्रत्येकाने एक संध्याकाळ स्वतःच्या मोबाइलवर टॉकबॅक सुरू करून, पडदा बंद ठेवून ते प्रकरण वाचावे. दृष्टिहीनतेचा अनुभव यातून येत नाही आणि तसा दावाही करू नये, परंतु फाइलींची नावे आणि अनुक्रमणिका किती नेटकी हवी हे यातून चांगले कळते.

अंतिम तपासणीत प्रत्येक प्रकरण वाचणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तरी पुस्तक समोर धरून पूर्ण ऐकावे. गाळलेली ओळ, दोनदा आलेले वाक्य, चुकलेला आकडा आणि मध्येच ऐकू येणारी हाक यांची वेळेसह नोंद एका तक्त्यात करावी.

प्रसिद्धी, अहवाल आणि हस्तांतरण

प्रकल्पाविषयी लघुपट किंवा समाजमाध्यमांसाठी चित्रफीत करावयाची असेल तर ती कामावर बेतावी. ओबीत पाने कशी बांधली जातात, आकृतीचे वर्णन कसे सुधारत गेले, वाचक-संपादकाने कोणत्या सूचना दिल्या, हे दाखवण्यासारखे आहे. करुण संगीतावर काठी घेऊन चालणाऱ्या विद्यार्थ्याचे दृश्य दाखवणे त्याला अपमानास्पद वाटू शकते आणि कामाविषयी त्यातून काहीच समजत नाही. चित्रफितीत बोललेले शब्द पडद्यावर दाखवणारे मथळे आणि दृश्यवर्णन असावे. सुगम्यतेविषयीची चित्रफीतच दृष्टिहीनांना कळत नसेल तर परीक्षकांनी तेवढ्यासाठी गुण कापले तरी ते योग्यच होईल.

अहवालात किती जणांना लाभ झाला याचा मोठा आकडा देण्याचा मोह टाळावा. एका पुस्तकाचे दोन वाचक असतील तर दोनच लिहावेत, आणि त्यांनी कोणती प्रकरणे ऐकली, कोठे अडचण आली, काय बदलले, किती तास लागले, कोणत्या साधनाने निराश केले याची प्रामाणिक नोंद द्यावी. पुढील वर्षीच्या गटाला याच नोंदींचा उपयोग होतो.

तयार पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल नोंदीसह द्यावे आणि ते कोणाला द्यावयाचे याचा नियम ग्रंथपालांना लेखी द्यावा. सुगम्य पुस्तकालयात ते पोहोचवण्यासाठी त्याच्याशी संलग्न असलेल्या संस्थेशी संपर्क साधावा, म्हणजे नांदेडमध्ये झालेले पुस्तक सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यालाही मिळू शकेल. मूळ वेव्ह फाइली, शुद्ध केलेला वर्ड दस्तऐवज, वाचनपद्धतीचे पान आणि चुकांचा तक्ता यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. विद्यार्थ्याच्या वैयक्तिक पेन ड्राइव्हवर उरलेली एकमेव प्रत पदवीदानानंतर सापडत नाही. अभ्यासक्रम बदलला किंवा पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली तर संपूर्ण पुस्तक पुन्हा वाचावे लागत नाही. दोन आवृत्त्या ताडून बदललेले विभाग तेवढे नव्याने मुद्रित करावेत, सर्व पानांच्या खुणा पुन्हा तपासाव्यात आणि आरंभीच्या निवेदनातील आवृत्तीचे वर्ष बदलावे.